दिवाळीच्या किल्ल्यात समुद्र कसा आणायचा? १६७९ ची खांदेरीची लढाई अंगणात उभी करायची पद्धत, टप्प्याटप्प्याने

सहामाही परीक्षा संपली की महाड-पोलादपूरकडच्या अंगणांमध्ये विटा, माती आणि जुनी गोणपाटं गोळा व्हायला लागतात. इथल्या मुलांना किल्ला शोधायला लांब जावं लागत नाही. रायगड महाड तालुक्यातच आहे आणि पोलादपूरहून आंबेनळी घाट चढला की प्रतापगड येतो. त्यामुळे दिवाळीत बहुतेक अंगणांत हेच दोन किल्ले दिसतात.

पण याच जिल्ह्यात, अलिबागजवळच्या थळ गावासमोर समुद्रात, आणखी एक किल्ला आहे: खांदेरी. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यात रायगड आणि प्रतापगडासोबत खांदेरीही आहे. १६७९ मध्ये या बेटासाठी मराठे आणि मुंबईचे इंग्रज यांच्यात समुद्रावर लढाई झाली. तो प्रसंग अंगणात किंवा शाळेच्या प्रदर्शनात कसा उभा करायचा, ते या लेखात पाहू.

थोडक्यात

- किल्ल्याची प्रतिकृती म्हणजे फक्त किल्ला. डायोरामा म्हणजे एका ठरावीक जागेचा एक ठरावीक क्षण, माणसं, होड्या, धूर आणि वाऱ्यासकट.
- खांदेरीच्या लढाईत तीन वेगवेगळे क्षण निवडता येतात. आधी क्षण ठरवा, मग माती कालवा.
- सगळ्यात जास्त चुका मापात होतात. बाजारातला मावळा आणि तुमचं गलबत एकाच मापाचं असायला हवं.
- आजच्या खांदेरीचा फोटो बघून १६७९ ची खांदेरी करू नका. दीपगृह तर अजिबात नको.

डायोरामा म्हणजे नेमकं काय?

हा शब्द पॅरिसहून आला. छायाचित्रणाच्या शोधासाठी ओळखला जाणारा लुई दागेर याने १८२२ मध्ये तिथे ‘डायोरामा’ नावाचं प्रेक्षागृह सुरू केलं. मोठमोठ्या पडद्यांवर रंगवलेल्या दृश्यांवर प्रकाश बदलत जायचा आणि प्रेक्षकांना आपण त्या जागी उभे आहोत असं वाटायचं. पुढे छोट्या आकारात उभारलेल्या जिवंत वाटणाऱ्या देखाव्यालाही हेच नाव मिळालं.

युद्धाच्या डायोरामामधलं एक गाजलेलं उदाहरण म्हणजे विल्यम सिबोर्न या ब्रिटिश अधिकाऱ्याने केलेला वॉटर्लूच्या लढाईचा देखावा. तो १८३८ मध्ये लंडनमध्ये लोकांसमोर आला. त्यात ७० हजारांहून जास्त धातूचे सैनिक होते. सिबोर्नने लढाईतली संध्याकाळची वेळ निवडली. त्या वेळी ब्रिटिशांच्या मदतीला आलेलं प्रशियाचं सैन्य रणांगणावर पोचलं होतं, म्हणून त्याने ते दाखवलं. ड्यूक ऑफ वेलिंग्टनला हे पटलं नाही. विजयाचं श्रेय वाटलं जातंय, असा त्याचा अर्थ निघत होता. वाद वाढला आणि शेवटी सिबोर्नने प्रशियाचे सैनिक कमी केले.

म्हणजे खेळण्यातले सैनिक कुठे ठेवायचे हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. तुम्ही कोणता क्षण निवडता, कोणाला दाखवता आणि कोणाला गाळता, त्यावर बघणारा माणूस लढाई समजून घेतो. खांदेरीच्या बाबतीतही असंच आहे.

खांदेरीला झालं काय?

१६६८ पासून मुंबई ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात होती. मुंबई बंदरात येणारी-जाणारी जहाजं खांदेरीवरून दिसतात. शिवाय जंजिऱ्याच्या सिद्दीच्या हालचालींवरही तिथून लक्ष ठेवता येतं. शिवाजी महाराजांनी १६७२ मध्येच या बेटावर तटबंदी करायचा प्रयत्न केला होता, पण इंग्रज आणि सिद्दी दोघांच्या विरोधामुळे काम थांबलं.

मध्ये १६७४ साल आलं. राज्याभिषेकाच्या वेळी इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन रायगडावर आला होता आणि तेव्हा मराठे व इंग्रज यांच्यात तहही झाला. पाचच वर्षांनी हे दोघे समुद्रात समोरासमोर आले.

पुढचा घटनाक्रम असा:

- ऑगस्ट १६७९ अखेर: मायनाक भंडारी सुमारे १५० माणसं आणि ४ लहान तोफा घेऊन खांदेरीवर उतरले आणि तटाचं काम सुरू झालं. बेट सोडा, असं इंग्रजांनी कळवलं. धन्याच्या हुकुमाशिवाय हलणार नाही, असं उत्तर गेलं.
- सप्टेंबर १६७९: इंग्रजांनी होड्या पाठवून बेटाची कोंडी करायचा प्रयत्न केला. लेफ्टनंट फ्रान्सिस थॉर्प याने बेटावर उतरायचा प्रयत्न केला आणि तो मारला गेला.
- १८ ऑक्टोबर १६७९: पहाटे दौलतखानाच्या नेतृत्वाखाली मराठ्यांचं सुमारे ६० नौकांचं आरमार किनाऱ्याच्या बाजूने इंग्रजांवर चालून आलं. इंग्रजांकडे ८ नौका होत्या: ‘रिव्हेंज’ हे मोठं फ्रिगेट, २ गुराबा, ३ शिबाडं आणि २ मचवे. नेतृत्व कॅप्टन रिचर्ड केग्विनकडे होतं. अर्ध्या तासाच्या आत ‘डोव्हर’ ही गुराब मराठ्यांच्या हाती लागली. दुसरी गुराब लांब राहिली, पाच लहान नौका पळाल्या आणि ‘रिव्हेंज’ एकटं पडलं. पण त्याने तोफांच्या जोरावर मराठ्यांची ५ गलबतं बुडवली. मराठी आरमार नागोठण्याच्या खाडीकडे मागे फिरलं.
- त्यानंतर: इंग्रजांना समुद्रावर वरचढ तोफा असूनही बेटाची रसद तोडता आली नाही. मराठ्यांच्या हलक्या होड्या रात्री माणसं आणि सामान पोचवत राहिल्या. नोव्हेंबरमध्ये सिद्दी कासमचं आरमारही इंग्रजांच्या मदतीला आलं, तरी खांदेरी पडली नाही.
- जानेवारी १६८०: सिद्दीने शेजारचं उंदेरी बेट घेऊन तिथे तटबंदी सुरू केली. इंग्रजांनी महाराजांशी समझोता करून आपली जहाजं काढून घेतली. खांदेरी मराठ्यांकडेच राहिली.

सोशल मीडियावर या लढाईच्या दोन टोकाच्या गोष्टी फिरतात. एकीत मराठ्यांनी इंग्रजांचं सगळं आरमार बुडवलेलं असतं. दुसरीत एकट्या इंग्रज जहाजाने ६० नौकांना पळवून लावलेलं असतं आणि गोष्ट तिथेच संपते. १८ ऑक्टोबरच्या सकाळी ‘रिव्हेंज’ भारी पडलं हे खरं आहे. पण मोहीम कशासाठी होती? बेटासाठी. आणि बेट मराठ्यांनी राखलं. तुमच्या डायोरामात या दोन्ही गोष्टी बसल्या, तर तो चांगला झाला असं समजा.

एक गमतीचा हिशेब: ही लढाई दिवाळीच्या तोंडावर झाली

इंग्रजांच्या कागदांमधल्या तारखा जुन्या ज्युलियन कॅलेंडरच्या आहेत. आजच्या कॅलेंडरप्रमाणे १८ ऑक्टोबर १६७९ म्हणजे २८ ऑक्टोबर. शिवाजी महाराजांचं निधन ३ एप्रिल १६८० ला, चैत्र पौर्णिमेला झालं. तिथून साडेपाच चांद्र महिने, म्हणजे सुमारे १६२ दिवस मागे मोजले की आश्विन अमावास्या येते. ती लढाईनंतर साधारण सहा दिवसांनी पडते. म्हणजे लढाई झाली तेव्हा लक्ष्मीपूजन आठवड्याच्या आत आलं होतं.

डायोरामासाठी याचे दोन उपयोग आहेत. पहिला, पहाटेच्या आकाशात अर्ध्याहून थोडी कमी चंद्रकोर दाखवता येईल. दुसरा, अष्टमीच्या मागेपुढे समुद्राला भांग असतो, उधाण नसतं. त्यामुळे भरती-ओहोटीतला फरक कमी, म्हणून बेटाभोवती उघड्या खडकांचा पट्टा फार रुंद दाखवायची गरज नाही.

टप्पा १: क्षण निवडा

*पर्याय अ: थॉर्पचा उतरायचा प्रयत्न (सप्टेंबर).* नवशिक्यांसाठी सगळ्यात सोपा. दोन-तीन होड्या, बेटाचा किनारा, वर अर्धवट तट आणि तिथून होणारा मारा. नेहमीच्या मातीच्या किल्ल्याची सवय इथे पुरते.

*पर्याय ब: १८ ऑक्टोबरची पहाट.* सगळ्यात देखणा आणि सगळ्यात कष्टाचा. यात बेट कोपऱ्यात जातं आणि दोन तृतीयांश जागा समुद्र घेतो. होड्या भरपूर लागतात.

*पर्याय क: रात्रीची रसद.* मोठी जहाजं नांगरलेली आणि त्यांच्या बाजूने काळोखात सरकणाऱ्या लहान होड्या. तोफांचा धूर नाही, पण मोहीम कशी जिंकली ते याच दृश्यात कळतं. अंधाऱ्या खोलीत किंवा खोक्याच्या आत केला तर दोन-तीन बारीक एलईडी दिव्यांत काम होतं.

तीनही एकत्र करायचा मोह टाळा. सप्टेंबरचा थॉर्प आणि ऑक्टोबरचं ‘रिव्हेंज’ एका पाण्यात दिसले की तो डायोरामा राहत नाही, घटनांची जंत्री होते.

टप्पा २: माप ठरवा

बाजारातले मातीचे मावळे साधारण ७ सेंटिमीटर उंच असतात. खरा माणूस १७० सेंटिमीटरचा धरला, तर हे माप जवळपास १:२४ झालं. या मापात १८ मीटरचं गलबत ७५ सेंटिमीटर लांब होईल. अंगणात अशी दोन गलबतं बसतील, पण ती लढाई दिसणार नाही.

वेगवेगळ्या मापांत काय होतं ते पाहा:

- १:७२: माणूस सुमारे अडीच सेंटिमीटर, १८ मीटरचं गलबत २५ सेंटिमीटर. पर्याय अ साठी योग्य.
- १:३००: माणूस जेमतेम ६ मिलिमीटर, तेच गलबत ६ सेंटिमीटर. पर्याय ब आणि क साठी योग्य.
- १:६००: माणूस ३ मिलिमीटरचा ठिपका, गलबत ३ सेंटिमीटर. नकाशासारखा देखावा करायचा असेल तरच.

१:३०० मापात ७ सेंटिमीटरचा मावळा उभा केलात, तर तो प्रत्यक्षात २१ मीटरचा होतो, म्हणजे गलबताच्या लांबीपेक्षा उंच! त्यामुळे जुने मावळे या देखाव्यात घालू नका. ६ मिलिमीटरची माणसं करायला मोहरी आणि काडी पुरते: काडीचा तुकडा म्हणजे धड, मोहरी म्हणजे डोकं. वल्हवणाऱ्यांच्या रांगेत एवढंही दिसलं तरी डोळा बाकीचं पूर्ण करतो.

अंतराचं काय? ४ फूट बाय ३ फुटांच्या प्लायवर १:३०० मापात साधारण ३६५ मीटर बाय २७५ मीटर एवढाच समुद्र बसतो. थळचा किनारा तर बेटापासून काही किलोमीटर लांब आहे. त्याच मापात तो दाखवायचा तर १० मीटरहून जास्त जागा लागेल. त्यामुळे किनारा मागच्या पुठ्ठ्यावर रंगवा, किंवा गाळा. अंतर दाबलं असेल तर फलकावर तसं लिहा. यात कमीपणा नाही, सगळी संग्रहालयं हेच करतात.

नौकांची संख्याही अशीच हुशारीने कमी करावी लागते. ६० ऐवजी १५ मराठी गलबतं दाखवली आणि इंग्रजांच्या मात्र आठही नौका ठेवल्या, तर साडेसातास एक हे प्रमाण जेमतेम दोनास एक होतं आणि लढाईचं चित्रच बदलतं. त्यापेक्षा लढाईचा एक तुकडा दाखवा: मध्ये ‘रिव्हेंज’, बाजूला पकडली जाणारी ‘डोव्हर’ आणि त्यांच्याभोवती १५ गलबतं. बाकीच्या नौका चौकटीबाहेर आहेत असं समजायचं.

टप्पा ३: बेट उभं करा

खांदेरीला दोन उंचवटे आहेत आणि त्यांच्या मधला भाग सखल आहे. उतरायची जागा या सखल भागाकडे आहे. या आकारानेच बेट ओळखू येतं, म्हणून तो आधी नीट काढा.

१. प्लायवर बेटाची बाह्यरेषा खडूने आखा. उंचवट्यांच्या जागी विटांचे तुकडे रचा. १:३०० मापात ३० मीटरची टेकडी म्हणजे फक्त १० सेंटिमीटर. सवयीने उंच डोंगर होतो, तिथे हात आवरा. हे बेट आहे, रायगड नव्हे.

२. गोणपाटाचे तुकडे चिखलात बुडवून विटांवर पसरा. महाडकडची लाल माती जांभ्यावरची आहे, खांदेरीचा खडक मात्र काळा कातळ आहे. वरच्या थरात नदीकाठची काळसर माती किंवा कोळशाची पूड मिसळा.

३. पाण्याच्या रेषेलगत काळे खडे लावा. अगदी खालचा पट्टा गडद आणि शेवाळी, त्यावरचा फिकट. हा एवढा फरक केला की बेट पाण्यावर ठेवल्यासारखं दिसत नाही, पाण्यातून वर आल्यासारखं दिसतं.

४. हिरवळीसाठी अळीव पेरायचा असेल तर पाच-सहा दिवस आधी पेरा आणि फक्त माथ्यावर, विरळ पेरा. १:३०० मापात दोन इंची अळीव म्हणजे १५ मीटर उंच झाडं. त्यापेक्षा वाळलेलं शेवाळ कुस्करून टाकलेलं चांगलं.

५. तट अर्धवट दाखवा. १६७९ मध्ये काम चालू होतं. दगडांच्या राशी, अपुरी भिंत, ओझी वाहणारी माणसं आणि ४ लहान तोफा. संपलेल्या रिफिलचे तुकडे काळे रंगवले की १:७२ मापात तोफा तयार.

या गोष्टी बेटावर नकोत

- दीपगृह: ते १८६७ चं आहे.
- पूर्ण, बुरुजबंद तट: आज दिसणारी तटबंदी टप्प्याटप्प्याने पुरी झाली.
- चाकांच्या गाड्यांवरच्या मोठ्या तोफा: फोटोंमध्ये त्या हमखास दिसतात, पण मायनाकांनी नेलेल्या तोफा लहान होत्या.
- कान्होजी आंग्रे: बेटाला आज त्यांचं नाव आहे, पण मराठी आरमाराची सूत्रं त्यांच्याकडे या लढाईनंतर बऱ्याच वर्षांनी आली.

टप्पा ४: नौका ओळखा, मग करा

सगळ्या होड्या एकाच साच्यातून काढल्या तर लढाई कळत नाही. कारण ही लढाई दोन प्रकारच्या नौकांची होती.

*गलबत:* लांब, अरुंद, हलकं. शिडं तिरकी आणि त्रिकोणी. दोन्ही बाजूंना वल्ह्यांची रांग. वारा पडला तरी चालतं आणि उथळ पाण्यातही शिरतं. तोफा लहान.

*गुराब:* गलबतापेक्षा मोठी आणि रुंद, दोन किंवा तीन डोलकाठ्यांची. पुढची नाळ लांब आणि टोकदार. पुढच्या तोफा नाळेवरून समोर मारा करतात.

*फ्रिगेट:* उंच डोलकाठ्या, चौकोनी शिडं, तोफा दोन्ही बाजूंना रांगेत. म्हणजे हे जहाज मारा करतं ते कुशीतून.

यातूनच मांडणी ठरते. गलबतांनी नाळ शत्रूकडे करून यायचं आणि ‘रिव्हेंज’ने त्यांना आपली कूस दाखवायची. सगळ्या नौका एकमेकींना समांतर ठेवल्या तर ती मिरवणूक वाटेल.

साहित्य साधं आहे. १:३०० साठी सांगाडा जाड पुठ्ठ्याचे थर चिकटवून किंवा भेंडातून कोरून करा. तळाचा भाग लागत नाही, पाण्याच्या रेषेवरच कापा. डोलकाठ्यांना अगरबत्तीच्या काड्या, वल्ह्यांना खराट्याचे बारीक हीर. शिडांसाठी जुनं सुती कापड चहाच्या पाण्यात बुडवून वाळवा. शुभ्र शिड खोटं वाटतं.

निशाणं: मराठी नौकांवर भगवं. इंग्रज नौकांवर आजचा युनियन जॅक लावू नका. ईस्ट इंडिया कंपनीच्या त्या काळच्या निशाणावर लाल-पांढरे आडवे पट्टे होते आणि वरच्या कोपऱ्यात पांढऱ्यावर लाल क्रॉस. कोपऱ्यात युनियन जॅक आला तो १७०७ नंतर.

टप्पा ५: समुद्र

पहिली चूक रंगाची होते. अलिबाग-थळचा समुद्र पोस्टरसारखा निळा नाही. तो करडा, हिरवट, किनाऱ्याजवळ गढूळ आहे. निळ्या रंगात थोडा खाकी आणि थोडा हिरवा मिसळा.

*अंगणासाठी:* लाकडाचा भुसा रंगवून पसरा. स्वस्त, पटकन होतो आणि दिवाळीनंतर गोळा करता येतो.

*प्लायवरच्या देखाव्यासाठी:* चुरगाळलेली अ‍ॅल्युमिनियम फॉइल हलकेच सपाट करून चिकटवा. त्यावर पातळ टिश्यू पेपर ठेवून पाण्यात कालवलेल्या फेविकॉलचा हात द्या. वाळल्यावर रंगवा आणि शेवटी वर नितळ फेविकॉलचा थर द्या. लाटांचे उंचवटे आणि ओली चमक दोन्ही येतात.

खरं पाणी भरायचा मोह अनेकांना होतो. पण पुठ्ठ्याच्या होड्या भिजतात आणि पाण्यावर तरंगणारी नौका जागेवर राहत नाही. रेझिन सुंदर दिसतं, पण महाग असतं आणि त्याचा वास बंद खोलीत त्रासदायक असतो. मुलांनी ते एकट्याने वापरू नये. थर्माकोलही नकोच, २०१८ पासून राज्यात त्याच्या सजावटीवर बंदी आहे.

नौकेमागे फेसाचा पट्टा काढायला विसरू नका. वल्ह्यांजवळ पांढरे ठिपके, नाळेपाशी फुटणारं पाणी. नांगरलेल्या जहाजामागे मात्र फेस नसतो.

टप्पा ६: वारा आणि धूर

देखावा खरा वाटतो की खोटा, हे ठरवणारी एक गोष्ट: वारा. शिडं, निशाणं आणि धूर, तिन्हींची दिशा एकच हवी. एक निशाण डावीकडे, दुसरं उजवीकडे फडकलं की सगळी मेहनत वाया जाते.

ऑक्टोबरमध्ये कोकण किनाऱ्यावर पहाटे सहसा मतलई वारा असतो, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे. दुपारनंतर खारा वारा उलट दिशेने सुटतो. लढाई पहाटेची आहे, म्हणून धूर किनाऱ्याकडून समुद्राकडे न्या.

त्या काळची बंदुकीची दारू दाट पांढरट धूर सोडायची. कापूस विरळ करून, त्याच्या टोकाला किंचित करडा रंग लावून तोफेच्या तोंडाशी चिकटवा. आत छोटा पिवळा एलईडी ठेवला तर तोफ पेटल्यासारखी दिसते. कापूस, कागद आणि भुसा एकत्र असल्याने जवळ पणती ठेवू नका आणि देखाव्यात फटाका तर कधीच लावू नका.

महाडला परतीचा पाऊस दिवाळीच्या तोंडावरही गाठतो. अंगणात काम करत असाल तर ताडपत्री हाताशी ठेवा.

टप्पा ७: फलक लिहा

बहुतेक किल्ल्यांवर फक्त नावाची पाटी असते. डायोरामाला चार-पाच ओळींचा फलक हवा. उदाहरणार्थ:

‘खांदेरी, १८ ऑक्टोबर १६७९, पहाट. दौलतखानाच्या आरमाराने डोव्हर ही गुराब पकडली तो क्षण. यानंतर रिव्हेंजने ५ गलबतं बुडवली आणि मराठी आरमार मागे फिरलं, पण बेट मायनाक भंडारी आणि त्यांच्या माणसांनी राखलं. माप १:३००. अंतरं कमी केली आहेत. नौकांचे आकार अंदाजे.’

शेवटची दोन वाक्यं गाळू नका. बघणाऱ्याला माहीत असलेलं आणि कल्पनेने भरलेलं यातला फरक कळला पाहिजे. आणि नावं नक्की लिहा. एकाच मोहिमेत दौलतखान आणि मायनाक भंडारी ही दोन नावं शेजारी दिसतात. त्यांच्यासोबत वल्हवणाऱ्या शेकडो खलाशांची नावं आज कुठे दिसत नाहीत. निदान वल्ह्यांच्या मागे माणसं दाखवा, रिकामं गलबत चालवू नका.

नेहमी पडणारे प्रश्न

शिवाजी महाराजांची मूर्ती कुठे ठेवायची?
महाराज स्वतः या लढाईत हजर नव्हते, म्हणून मूर्ती बेटावर नको. दिवाळीच्या किल्ल्यात महाराज हवेतच, असं वाटत असेल तर देखाव्यामागे वेगळा उंच चौथरा करून त्याला ‘रायगड’ नाव द्या. राजधानी तिथे होती आणि मापाचा गोंधळही होत नाही.

महाडचा आणि समुद्राचा काय संबंध?
चांगलाच आहे. बाणकोटच्या खाडीतून सावित्री नदीवाटे गलबतं दासगाव-महाडकडे येत असत. महाड ही घाटावर जाणाऱ्या मालाची बाजारपेठ होती. रायगडाच्या पायथ्याच्या माणसांना समुद्र परका नव्हता.

किती दिवस लागतात?
पर्याय अ दोघा-तिघांनी केला तर तीन-चार दिवसांत होतो. पर्याय ब ला होड्यांमुळे जास्त वेळ लागतो. होड्या परीक्षेआधीच्या रविवारी करून ठेवल्या तर सुट्टीत फक्त बेट आणि समुद्र उरतो.

शाळेत गटाने करायचं असेल तर?
चार गट करा: बेट, नौका, समुद्र-आकाश आणि माहिती. चौथ्या गटाने कामाच्या आधी सुरुवात करायची. प्रत्येक गोष्टीला ‘हे तेव्हा होतं का?’ एवढा एकच प्रश्न त्यांनी विचारायचा.

फोटो चांगला कसा येईल?
वरून काढू नका. मोबाइल उलटा धरून कॅमेरा पाण्याच्या पातळीला आणा, मागे करडी-निळी चादर लावा आणि सकाळच्या तिरक्या उन्हात काढा. पोस्ट करताना फोटोखाली फलकावरचा मजकूर टाका. नाहीतर तुमचाच फोटो उद्या ‘मराठ्यांनी अख्खं इंग्रज आरमार बुडवलं’ अशा ओळीखाली फिरताना दिसेल.

प्रत्यक्ष खांदेरी बघता येते का?
थळहून होडीने बेटाकडे जाता येतं. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, म्हणून हवामान आणि परवानगीची चौकशी स्थानिक पातळीवर आधी करा. जाणार असाल तर होडीतून बेट दिसायला लागलं की दोन उंचवट्यांमधली ती सखल जागा शोधा.